कार्टर, रॉन
(४ मे १९३७ – ). जॅझ, अभिजात, ब्राझिली आणि हिप-हॉप अशा भिन्न संगीतप्रकारांत वावरलेले अमेरिकन डबल बास वादक. जन्म फर्नडेल (मिशिगन) येथे. दहाव्या वर्षी चेलोपासून सुरुवात. ईस्टमन संगीतविद्यालयाची पदवी (१९५९) मिळवूनही वर्णभेदामुळे अभिजात वाद्यवृंदांची दारे बंद राहिली. ते जॅझकडे वळले. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात १९६३–६८ (पहा : जॅझ). बोट तारेवरून घसरवत स्वरास्वरांतून जाणे आणि स्वर दीर्घकाळ घुमत ठेवणे ही त्यांच्या वादनाची खूण. ब्राझिली संगीतकार झोबिम यांच्या ‘वेव्ह’ या ध्वनिमुद्रिकेत (१९६७, पहा : बोसा नोव्हा) आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिप-हॉप गटाच्या ‘द लो एंड थिअरी’मध्येही (१९९१) त्यांचाच बास आहे. २,२०० हून अधिक ध्वनिमुद्रणांची गिनीज नोंद त्यांच्या नावावर आहे.