पुस्तकबांधणीच्या दुकानापासून खोपोलीपर्यंत

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत विजेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. वाचनकक्षातील दिव्यापुरताच विजेचा आणि ग्रंथालयाचा संबंध, असे आपण समजतो. वस्तुतः हा संबंध अधिक जुना आणि अधिक जवळचा आहे. ज्या शोधावर जगातील बहुतेक वीजनिर्मिती उभी आहे, तो शोध लावणारा मनुष्य शाळा-महाविद्यालयांतून नव्हे, तर पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानातून विज्ञानाच्या दारी आला.

मायकेल फॅरडे याचा जन्म १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे आणि जुजबी अंकगणित एवढेच त्याचे शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून राहिला आणि तेथे त्याने सात वर्षे काढली. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो नुसती शिवीत नसे, वाचीतही असे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याच्या मनाची पकड घेतली. १८१२ साली दुकानाच्या एका ग्राहकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे काढली, ती स्वच्छ उतरवून स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढील वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली.

त्या काळापर्यंत वीज म्हणजे एक कुतूहलाचा विषय होता. इटलीतील व्होल्टा यांनी १८०० साली जस्त व चांदी यांच्या चकत्या आणि त्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून पहिला विद्युतघट तयार केला होता. त्यातून सतत वाहणारा विद्युतप्रवाह मिळू लागला. परंतु घटातील धातू झिजत असे. प्रवाह मिळे तो धातूच्या मोलाने. अशा विजेवर गावे उजळणे शक्य नव्हते. १८२० साली कोपनहेगनच्या ऑर्स्टेड यांना असे आढळले की, तारेतून प्रवाह वाहू लागला की जवळची होकायंत्राची सुई वळते. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, हे यातून सिद्ध झाले. मग चुंबकापासून वीज का निर्माण होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर फॅरडेला १८३१ साली मिळाले. २९ ऑगस्ट रोजी त्याने एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक वेटोळे विद्युतघटाला जोडताच दुसऱ्या वेटोळ्याशी जोडलेली सुई क्षणभर हलली आणि पुन्हा स्थिर झाली. घट काढताना ती पुन्हा हलली, पण उलट दिशेने. प्रवाह संथ वाहत असताना मात्र सुई ढळली नाही. या क्षणिक हालचालीतच सारे मर्म होते. चुंबकत्व नुसते असून भागत नाही. ते बदलले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये त्याने तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर सरकवून वीज मिळवली आणि त्याच महिन्यात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाहही मिळवला. जनित्राचा हा पहिला अवतार होय.

शालेय पुस्तकात यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. तत्त्व सोपे आहे : चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरवावे, म्हणजे त्यात विद्युतदाब निर्माण होतो. वेटोळे जितके वेगाने फिरेल, तारेचे वेढे जितके अधिक असतील आणि चुंबक जितका प्रबळ असेल, तितका दाब अधिक. मात्र वीज फुकट मिळत नाही. तिचा वापर सुरू झाला की वेटोळे फिरवणे जड होते. ते फिरवण्यासाठी जी शक्ती खर्चावी लागते, तिचेच विजेत रूपांतर होते. म्हणून वीज कोठून येते, या प्रश्नाचा खरा अर्थ चाक कोण फिरवते, असा आहे. औष्णिक केंद्रात कोळशाच्या आचेने झालेली वाफ ते फिरवते, अणुकेंद्रातही वाफच, पवनचक्कीत वारा आणि धरणाखाली पाणी. सूर्यप्रकाशापासून थेट वीज देणारे सौरघट हा या नियमाला ठळक अपवाद आहे.

दुसरी अडचण वीज दूर नेण्याची होती. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विजेचा दाब दहापट केला तर तेवढीच शक्ती वाहून नेण्यास दहावा हिस्सा प्रवाह पुरतो आणि नासाडी शंभराव्या हिश्श्यावर येते. हा दाब चढवण्या-उतरवण्याचे काम रोहित्र करते, आणि रोहित्र म्हणजे दुसरेतिसरे काही नसून फॅरडेचे ते दोन वेटोळ्यांचे कडेच आहे. मात्र त्याला सतत दिशा बदलणारा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेले केंद्र एकदिश प्रवाहाचे होते. त्याची वीज आसपासच्या वस्तीपलीकडे पोचत नव्हती. नायगाऱ्याची वीज १८९६ साली बफेलो शहरात पोचली ती प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बळावर.

आपल्याकडे म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवसमुद्रम येथील वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली. त्यानंतर सह्याद्रीची पाळी आली. जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९१५ साली खोपोलीला साकार झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे चार महिन्यांचा पाऊस साठवायचा, आणि जे पाणी एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते, ते पश्चिमेकडे ५०० मीटरांहून अधिक खाली नळांतून सोडायचे. तेथील वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. या उंचीचे मोल साध्या गणिताने कळते. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आले, तर त्यातून सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे जेमतेम १.३६ युनिट. यंत्रांतील घट वजा जाता त्यावर ४० वॅटचा एक दिवा तीसेक तास जळेल. एका दिव्यासाठी एवढे पाणी, तर महानगरासाठी किती, आणि ते साठवण्यासाठी जमीन किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

ही जमीन ओसाड नव्हती. मुळशीच्या धरणासाठी मावळातील भातशेती आणि गावे पाण्याखाली जाणार, हे दिसताच १९२१ साली रामनवमीच्या दिवशी तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. तीन वर्षे झुंजूनही मावळे हरले, बापटांना दीर्घ कारावास भोगावा लागला आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात कोयनेने महाराष्ट्राला मोठी वीज दिली. तेथेही उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. वीज नको, असे म्हणण्याचा अधिकार तिच्या प्रकाशात वाचणाऱ्या आपणांस नाही. परंतु ज्यांच्या शेतांवर पाणी साठले, त्यांच्या घरी वीज कधी पोचली, हा हिशेब मागण्याचे कर्तव्य मात्र आहे.

फॅरडेच्या हाती ते पुस्तक आले ते त्याचे नव्हते. दुसऱ्या कोणाचे तरी, बांधणीसाठी आलेले. ग्रंथालय हेच काम करते : ज्याचे पुस्तक नाही, त्याच्या हाती ते देते. कोणत्या वाचकाच्या मनात कोणते पान काय पेटवील, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून कपाटे सर्वांना खुली ठेवावीत, आणि प्रकाशाचे जसे, तसेच ज्ञानाचेही, ते दूरच्या घरापर्यंत पोचले की नाही, हे पाहत राहावे. पुढील शतकाकडे वळताना आपल्या संस्थेने एवढे जपले तरी पुष्कळ झाले.