मेथीची जुडी परत नेता येत नाही

शेतकरी बाजारावरच्या आपल्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना साल, नावं निसटतात, म्हणून ती नीट लावून घेतली आहेत. बाकी बोलणं बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका नावापासून करू. पुण्याची मंडई तुम्ही पाहिली असेल. मधोमध उंच मनोरा, अष्टकोनी बांधणी, चहूबाजूंना गाळे. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही पाहिलं असेल. एक १८८६ चं, दुसरं १८६९ चं. पुण्याच्या मंडईला आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं, मुंबईच्या बाजाराला महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं. आज दोन्ही इमारतींचं अधिकृत नाव एकाच माणसाचं आहे: महात्मा जोतिबा फुले.

आता गंमत ऐका. पुण्याची मंडई बांधायचं घाटत होतं त्या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आणि या इमारतीवर एवढा मोठा खर्च करायला त्यांचा विरोध होता! तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला, तिलाच पुढे त्यांचं नाव लागलं.

ही नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नका. जोतीराव बाजाराच्या विरोधात होते का? अजिबात नाही. माळ्याच्या घरातला माणूस तो, भाजी काय असते आणि ती विकायला काय लागतं हे त्यांना सांगायला नको. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. शेतकरी भाजीपाल्याची गाडी भरून शहरात येतो. वेशीवर नगरपालिकेची जकात. आत दलालाची दलाली. लिलावात जो काही भाव येईल तो. सगळं वजा जाता कधीकधी गाडीभाडंसुद्धा पदरचं भरावं लागतं आणि गडी रिकाम्या हातानं घरी परततो.

दीडशे वर्षं होत आली या वर्णनाला. गाडीच्या जागी टेम्पो आला, जकात गेली. पण रिकाम्या हातानं परतणारा माणूस अजून भेटतो. टोमॅटो रस्त्यावर ओतून दिल्याच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतोच की. आणि त्याच आठवड्यात शहरातल्या एखाद्या वस्तीत पाव किलो टोमॅटो घेताना बाई दोनदा विचार करत असते. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं? आजचा भाग या प्रश्नावर आहे.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे बाजार म्हणजे मुळात वार. अमुक गावचा सोमवार, तमुक गावचा गुरुवार. पंचक्रोशीतली गावं वार वाटून घेत, म्हणजे विकणारा आज इथे, उद्या तिथे जाऊ शकतो. पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत, त्यामागेही बाजाराच्या वाराचीच रीत सांगितली जाते. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमले जात. पेठेची व्यवस्था त्यांनी पाहायची. हा काही सोन्याचा काळ नव्हता, कर होते, जातीची उतरंड होती. पण एक गोष्ट होती: पिकवणारी बाई पाटी डोक्यावर घेऊन यायची, ठरल्या जागी बसायची आणि खाणाऱ्याच्या हातात जुडी द्यायची.

आता १८८६ सालाकडे परत येऊ. ज्या वर्षी पुण्यात भाजीची मंडई उघडली, त्याच वर्षी तिकडे वऱ्हाडात, कारंजा इथे, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. आजच्या वाशीम जिल्ह्यातलं हे कारंजा. शेतमालाचा देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. कशासाठी सुरू झाला? इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला, भेसळ नसलेला कापूस रास्त भावात हवा होता. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२७ मध्ये मुंबई प्रांताचा कापूस बाजार कायदा आला. मग १९३९ मध्ये सगळ्याच शेतमालासाठी कायदा. आणि स्वतंत्र महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समितीचा कायदा.

या कायद्यांचा हेतू वाईट होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. बाजारात काय चालायचं ते आठवा. रुमालाखाली बोटं दाबून सौदा. काय भाव ठरला ते मालाच्या मालकालाच कळायचं नाही. काटा व्यापाऱ्याचा. हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी कापाकापी. बाजार समितीनं सांगितलं: लिलाव उघड्यावर होईल, माप परवानाधारक मापाडी करेल, पट्टी लेखी मिळेल. ही फार मोठी सुधारणा होती.

पण या कायद्याची मापं काढली होती ती कापसाच्या अंगाची. नंतर तोच सदरा भाजीला घातला. कापूस पटला नाही तर गाडी माघारी नेता येते. घरात, वखारीत ठेवता येतो. ज्वारी, तूर ठेवता येते. मेथी? पहाटे चारला उतरवलेली मेथीची जुडी दुपारी बाराला मान टाकते. ती परत नेता येत नाही. हे लिलावात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, शेतकऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. ज्याला माल परत नेता येत नाही त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्यासाठी उघडा लिलाव हा अर्धाच उघडा असतो.

त्यात कायद्यानं सांगितलं की घाऊक खरेदी-विक्री बाजार समितीच्या नियंत्रणाखालीच व्हायला हवी. म्हणजे फसवणुकीपासून वाचवायला बांधलेली भिंत हळूहळू कुंपण झाली. शहरं वाढली, तसा घाऊक व्यापार शहराच्या मधल्या भागातून बाहेर गेला: पुण्यात गुलटेकडीला, मुंबईचा वाशीला. गर्दीच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण नारायणगावचा टोमॅटो आधी वाशीला, तिथून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळवाल्याकडे, तिथून हातगाडीवर असा फिरायला लागला. प्रत्येक टप्प्यावर थोडा नफा, थोडी हमाली, थोडी नासाडी. यातला प्रत्येक माणूस काही लबाड नसतो हं. हातगाडीवाला तर स्वतःच रोजचा हिशेब जमवत असतो. पण टप्पे वाढले की बेरीज वाढतेच. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला: ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत साधारण ३३ टक्के, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ टक्के.

मग कुणी काही केलंच नाही का? केलं. आणि आपल्या देशातच केलं.

१९८७ मध्ये चंडीगढला ‘अपनी मंडी’ सुरू झाली. कल्पना साधी: शहरातल्या एकेका सेक्टरात ठरल्या वारी शेतकऱ्यानं थेट येऊन विकायचं. म्हणजे आपला आठवडी बाजारच, पण शहरात.

मग आलं १९९९ साल. आंध्र प्रदेशात जानेवारीत ‘रयतू बाजार’ सुरू झाले, तमिळनाडूत त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मदुराईत पहिली ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार, उघडली. या दोन्हींचे बारकावे मुद्दाम सांगतो, कारण सगळी मेख बारकाव्यांत आहे.

पहिला बारकावा: जागा सरकारनं दिली, आणि कायमची दिली. दुसरा: शेतकऱ्याला ओळखपत्र. अधिकारी शेतावर जाऊन बघणार, खरंच भाजी लावली आहे का, आणि मगच कार्ड. तिसरा: काटा बाजाराकडून मिळणार, त्यामुळे वजनाचा वाद नाही. चौथा: पहाटेची बस. गावातून शेतकरी आपल्या टोपल्यांसकट बाजारात पोचेल अशी एसटीसारखी सोय. पाचवा: भावाचा फळा. रोज सकाळी भाव लिहायचा, घाऊकपेक्षा जास्त आणि किरकोळपेक्षा कमी. दोघांचाही थोडा फायदा.

यातलं काहीच मोठं तंत्रज्ञान नाही. जागा, कार्ड, काटा, बस, फळा. पण यातली एक गोष्ट ढिली झाली की बाजार घसरतो. ओळखपत्राची तपासणी सैल झाली तिथे व्यापारीच शेतकरी बनून बसल्याच्या तक्रारी आल्या. तमिळनाडूत २००१ मध्ये सरकार बदललं आणि आधीच्या सरकारची योजना म्हणून या बाजारांकडे दुर्लक्ष झालं. २००६ मध्ये पुन्हा सरकार बदललं तेव्हा त्यांना परत जीव आला. भाजी तीच, शेतकरी तेच, गिऱ्हाईक तेच. फक्त वर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं.

आता आपल्याकडे. २००३ मध्ये केंद्रानं बाजार समित्यांचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात थेट विक्री आणि शेतकरी बाजारांना जागा होती. महाराष्ट्रात मोठा बदल झाला २०१६ मध्ये. फळं आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनातून मोकळा केला. अडत शेतकऱ्याकडून नाही, घेणाऱ्याकडून घ्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी संप केला, शहरात भाजी कडाडली, तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी पणन मंडळामार्फत शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम निघाली. नाव दिलं संत सावता माळी यांचं. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावतोबा, ज्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. नाव अगदी चपखल.

पुण्या-मुंबईत बाजार भरू लागले. मीही जातो. कोथिंबिरीवर अजून दव असतं, आणि समोरचा माणूस ‘ही काल संध्याकाळी काढलीय’ असं सांगू शकतो. पण दोन-तीन रविवार नीट बघितलं की एक गोष्ट खटकते. हे बाजार बहुतेक कुठे भरतात? जिथे सोसायट्या आहेत, मोकळं मैदान आहे, चारचाकी लावायला जागा आहे. जिथे लोक ताज्या भाजीसाठी दोन रुपये जास्तही देतील. शेतकऱ्याच्या बाजूनं हे समजण्यासारखं आहे. टेम्पोभर माल चार तासांत संपवायचा आहे, मेथी परत नेता येत नाही. तो खपेल तिथेच जाणार.

पण भाजीची खरी गरज कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसानं दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात. पाच जणांचं घर म्हणजे रोज दोन किलो. रोजंदारीच्या घरात हा हिशेब कसा बसायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. रक्त वाढायला नुसती पालेभाजी पुरत नाही हे खरं, पण ताटातून पालेभाजी, लिंबू, पेरू, शेंगा गेल्या की ताट आणखी दुबळं होतं. महागाईत पहिली कात्री लागते ती यांनाच. भात-चपाती राहते, भाजी पातळ होते.

म्हणून मला वाटतं, २०१६ मध्ये आपण अर्धं काम केलं. कुंपण काढलं, पण जागा दिली नाही. विकायची परवानगी दिली, पण बस, काटा, फळा आणि वस्तीजवळची कायमची पाच फूट जमीन यांचं काय? ते ज्याचं त्यानं बघावं असं झालं, आणि ज्याचं त्यानं बघायचं म्हटलं की बाजार पैशाच्या दिशेनं सरकतो. रयतू बाजारानं दाखवलं की तो थोडा ओढून धरता येतो. संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्या बाईच्या वाटेवर, बसथांब्याजवळ, शाळेच्या मैदानावर महापालिकेनं दोन तासांची जागा द्यायची ठरवली, तर नवीन कायद्याचीही गरज नाही. आणि तिथे आधीपासून बसणाऱ्या पाटीवाल्या बाईला, हातगाडीवाल्याला उठवून नाही, तर त्यालाही त्याच शेतकऱ्याकडून थेट माल घेऊ देऊन. वस्तीत रोज पोचणारा तोच आहे. शेतकरी आठवड्यातून एकदाच येऊ शकतो.

शेवटी पुन्हा जोतीरावांकडे. मंडईच्या त्या देखण्या इमारतीला त्यांनी विरोध केला तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: हा पैसा कुणाच्या उपयोगाला येणार? दीडशे वर्षांनी शेतकरी बाजारालाही आपण हाच प्रश्न विचारायला हवा. मंडप किती छान आहे, फीत कुणी कापली, हे नंतर. जुडी घेऊन आलेली बाई रिकाम्या पाटीनं आणि भरल्या हातानं घरी गेली का? आणि ती जुडी जिच्या घरात शिजायला हवी होती, तिच्या घरापर्यंत पोचली का? या दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्या मंडईला त्यांचं नाव शोभेल.

तुमच्या भागात शेतकरी बाजार भरत असेल तर या आठवड्यात एक करा. विकणाऱ्याला गाव विचारा, आणि पहाटे किती वाजता निघालात ते विचारा. पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं. भेटूच पुढच्या भागात.