गाडीचा एक्सल अडकलाय? घण उचलण्याआधी हे वाचा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. या भागातल्या रस्त्यांवर ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांची कायम वर्दळ असते. अशी अवजड गाडी बंद पडली, की ती ओढून नेण्याआधी अनेकदा मागचे एक्सल शाफ्ट काढावे लागतात. कारण ओढताना चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भागही फिरतात, पण इंजिन बंद असल्याने त्यांना तेल नीट मिळत नाही. नेमका अशा वेळी एक्सल जागचा हलत नाही. मग काय करायचं?

एक्सल अडकतो कशामुळे?

मुख्य कारणं तीन: गंज, घट्ट बसलेली बेअरिंग किंवा कोन, आणि काढायचा राहून गेलेला लॉक. तिसरं कारण असेल तर कितीही ठोकलं तरी उपयोग नाही. उलट मोडतोड होते. म्हणून एक्सल कशाने धरलाय, हे आधी शोधायचं आणि मग अवजार निवडायचं.

कोणत्या गाडीला कोणतं अवजार?

ट्रक आणि मोठे टेम्पो: यांत गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळे चाक न काढता शाफ्ट बाहेर येतो. अनेक गाड्यांत फ्लँजच्या स्टडवर चिरलेले निमुळते कोन असतात आणि तेच घट्ट बसतात. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. मग फ्लँजच्या मध्यभागी पितळी हातोड्याने ठोका. कोन जोरात उडू शकतात, अर्धवट ठेवलेले नट त्यांना अडवतात. फ्लँजला आटे असलेली जादा भोकं असतील, तर त्यांत बोल्ट आलटूनपालटून आवळा. फ्लँज आपोआप वर उचलला जातो.

जीप प्रकारच्या गाड्या: यांपैकी अनेकींत बेअरिंग शाफ्टवरच असते. आधी बेअरिंग धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट काढायचे. काही गाड्यांत डिफरन्शियलच्या आत सी आकाराची क्लिप असते, तीही काढावी लागते. मग स्लाइड हॅमर वापरायचा. त्याची दांडी फ्लँजला बसवतात आणि तिच्यावरचं वजन बाहेरच्या दिशेने आपटतात. झटका सरळ रेषेत बसतो, त्यामुळे शाफ्ट वाकत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कार: यांत शाफ्टचे दाते हबमध्ये गंजतात. हबचा मोठा नट अनेक कारमध्ये २०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण २० किलो वजन लावल्याइतका. तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नंतर हब पुलरने शाफ्ट आत ढकला. गिअरबॉक्सच्या बाजूला मात्र शाफ्ट धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटतो. जॉइंटच्या मागे पहार लावून हलका झटका द्या आणि ऑइल सील सांभाळा.

शाफ्ट आतच तुटला तर? दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढतात. डिफरन्शियलची रचना परवानगी देत असेल तर तिकडून लांब सळईने तुकडा ढकलतात, नाहीतर लोहचुंबकाने किंवा तारेच्या फासाने ओढून घेतात. ते जमलं नाही तर डिफरन्शियल उघडावं लागतं.

या चुका जिवावर बेतू शकतात

- गाडी घरंगळणे: एक शाफ्ट निघाला तरी मागची चाकं गिअरने धरलेली राहत नाहीत. काही गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो, तोही निकामी होतो. म्हणून आधी सपाट जागा बघा आणि इतर चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.
- फक्त जॅकवर भरवसा: गाडीखाली जाण्याआधी स्टँड लावलाच पाहिजे.
- लोखंडी घणाने ठोकणे: कडक पोलादाची कपची उडून डोळा जाऊ शकतो. शिवाय शाफ्टचे आटे चेपतात. पितळी हातोडा वापरा, चष्मा घाला.
- गॅसने तापवणे: हबमध्ये ग्रीस, तेल आणि रबरी सील असतात. आग लागू शकते, बेअरिंगही खराब होते.

गंज असेल तर गंज सोडवणारं तेल मारा आणि काही तास थांबा. शक्य असेल तर रात्रभर मुरू द्या. तरीही एक्सल हलला नाही, तर जोर वाढवू नका. एखादा लॉक नजरेतून सुटलाय का, ते पुन्हा तपासा किंवा मेकॅनिकला बोलवा.