एकच गोळी, मेंदूच्या दोन बाजू

आजचा प्रश्न दिसायला सोपा आहे. गोळी पोटात जाते, औषध रक्तात मिसळतं, रक्त मेंदूच्या डाव्या-उजव्या दोन्ही अर्ध्या भागांत पोचतं. मग परिणाम दोन्हीकडे वेगळा कसा?

चला पॅरिसला, १९५२ साली. आँरी लाबोरी या नौदलातल्या सर्जनने क्लोरप्रोमाझिन हे नवीन औषध ऑपरेशनच्या वेळी वापरून बघितलं होतं. पेशंट शुद्धीवर असायचे, पण एकदम निवांत. मग सेंट-अ‍ॅन हॉस्पिटलमध्ये जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते सायकोसिसच्या पेशंटना दिलं. आरडाओरडा, भास, संशय कमी झाले. का, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. डोपामिनचा धागा आर्विद कार्लसन यांना १९६३ मध्ये सापडला.

१९६९ मध्ये पिएर फ्लोर-आँरी यांनी लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधल्या फिट्स येणाऱ्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. फिटचं मूळ कानशिलाजवळच्या डाव्या भागात असेल, तर स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं जास्त. उजवीकडे असेल, तर मूडचे आजार जास्त. म्हणजे बाजूला महत्त्व आहे!

पुढे सत्तरच्या दशकात जॉन ग्रुझेलियर यांनी पेशंटच्या दोन्ही हातांच्या त्वचेचे विद्युत प्रतिसाद मोजले. डाव्या-उजव्यात फरक होता, आणि क्लोरप्रोमाझिनने तो फरकच बदलत होता.

आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, सर्व्हर दोन, पण कॉन्फिगरेशन वेगळं. औषध बाजू निवडत नाही. मेंदूच मुळात दोन्हीकडे सारखा नसतो. बोलण्याचं काम बहुतेकांत डावीकडे चालतं, हे ब्रोका यांनी १८६० च्या दशकातच दाखवलं होतं.

पण खरी गोची पुढे आहे. १९५२ नंतर जवळपास प्रत्येक पेशंट औषधावरच असायचा. मग स्कॅनमध्ये दिसणारा डाव्या-उजव्यातला फरक आजाराचा की गोळीचा? म्हणूनच एकदाही औषध न घेतलेल्या पेशंटचा अभ्यास इतका मोलाचा ठरला. 'स्किझोफ्रेनिया म्हणजे डाव्या मेंदूचा आजार' हे वाक्य रीलसाठी झकास आहे, पण आजार त्यापेक्षा खूप गुंतागुंतीचा आहे.

तेव्हा घरात कुणी ही औषधं घेत असेल, तर असं काही ऐकून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर आजार उलटू शकतो. शंका असेल तर थेट डॉक्टरांना विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!