रिंगणातली शाळा

हिप-हॉपच्या जन्मकथेतच शाळा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेचे नवे कपडे घेण्यासाठी आपल्या इमारतीत तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क होता. डीजे, रॅप, ब्रेकिंग आणि ग्राफिटी ही पुढे या संस्कृतीची चार अंगे ठरली.

धारावीत २०१५ पासून ‘द धारावी ड्रीम प्रोजेक्ट’ वस्तीतल्या मुलांना हिप-हॉप मोफत शिकवतो. याला निव्वळ परदेशी लाट म्हणणे मला पटत नाही. धारावीला लागूनच माटुंगा लेबर कॅम्प आहे. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेले अण्णा भाऊ साठे तिथल्या कामगार चळवळीत शाहीर म्हणून घडले. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्या पथकामागे कम्युनिस्ट पक्ष होता, आजच्या शाळेला संगीत कंपनीची साथ मिळाली. हा फरक लहान नाही. शिकण्याची रीत मात्र एकच : गोल करून ऐकायचे आणि आपली पाळी आली की आपल्या वस्तीचे बोलायचे.

मी राहतो ते सारसोळे नेरूळच्या सेक्टरांनी वेढलेले आगरी-कोळ्यांचे गाव. आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीणही ऐकूनच शिकते. कलाशिक्षणाचा इतिहास आपण १८५७च्या जे. जे. स्कूलपासून मोजतो. तो अशा रिंगणांपासूनही मोजला, तर गावठाणातली मोकळी जागा राखणे हा शिक्षणाचाच प्रश्न ठरतो.