बचावपटूची कीर्ती

१७ जुलै १९९४ रोजी पॅसाडिना येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीची पहिली पेनल्टी फ्रँको बारेसीने क्रॉसबारवरून मारली आणि पाचवी रॉबेर्तो बाज्जोने. चूक एकच; पण जगाच्या स्मरणात राहिली ती बाज्जोची. वस्तुतः त्याने गोल केला असता तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होतीच.

या विस्मरणात क्षमेपेक्षा उपेक्षा अधिक आहे. त्याच स्पर्धेत दुखावलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन महिनाही उलटला नसताना बारेसी मैदानात उतरला होता. त्याच्या नेतृत्वाखालील बचावफळीने रोमारिओ आणि बेबेतो यांना १२० मिनिटे गोल करू दिला नाही. परंतु जे घडूच दिले नाही, त्याचे चित्र कसे दाखवणार? आघाडीचा खेळाडू घटना निर्माण करतो, बचावपटू ती टाळतो. आणि कीर्ती, इतिहासलेखनाप्रमाणेच, घटनांवर पोसली जाते. १९८९च्या ‘बलाँ द’ऑर’ पुरस्कारात बारेसी दुसरा आला. पहिला आला तो त्याच्याच एसी मिलान संघाचा आघाडीपटू मार्को व्हान बास्तेन. १९९३मध्ये हा मान बाज्जोकडे गेला.

मिलानमधला हिशेब मात्र निराळा. १९८० आणि १९८२मध्ये क्लब दुय्यम श्रेणीत गेला, तरी बारेसी तिथेच राहिला. १९९७मध्ये त्याच्यासोबत ६ क्रमांकाची जर्सीही निवृत्त झाली. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला वर्षानुवर्षे पाहिले होते. त्याने काय घडू दिले नाही, हे त्यांनाच ठाऊक होते.