ऑनर्स प्रबंध, मानसशास्त्रातील (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियात मानसशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीनंतरच्या चौथ्या, म्हणजे ऑनर्सच्या वर्षात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लिहिला जाणारा संशोधनप्रबंध. सोबत तासिका आणि परीक्षाही असतात. वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपते; त्यामुळे विषय आटोपशीर निवडणे हे निम्मे काम ठरते.

माणसांवरील अभ्यासाला साधारणपणे नीतिसमितीची परवानगी लागते आणि ती मिळेपर्यंत एकाही सहभागीची माहिती गोळा करता येत नाही. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला की आठवडे जातात. म्हणून अनेक विद्यार्थी मार्गदर्शकाच्या आधीच मंजूर झालेल्या प्रकल्पाचा एखादा भाग घेतात. यात कमीपणा नाही. सहभागी बहुधा पहिल्या वर्षाचे मानसशास्त्राचे विद्यार्थी असतात. त्यांना सहभागाबद्दल अभ्यासक्रमात गुण मिळतात. निष्कर्ष सर्वांना लागू करण्यावर अर्थातच यामुळे मर्यादा येते.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातील 100 अभ्यास पुन्हा केले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होते, पुनरावृत्तीत फक्त 36 टक्क्यांत. तेव्हापासून नमुन्याचा आकार आधी ठरवणे आणि गृहीतकांची पूर्वनोंदणी करणे यांवर भर वाढला. गृहीतक खोटे ठरले म्हणून प्रबंध फसत नाही. परीक्षक पद्धत व युक्तिवाद तपासतात.

ऑनर्समध्ये प्रथम वर्गासाठी सामान्यतः 80 टक्के गुण लागतात. पुढील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात हा वर्ग निर्णायक ठरतो.